खिडकीकडे तोंड करून

आमच्या घरात कॉम्प्युटरला जेवढा मान होता तेवढा मला नव्हता. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी त्याचं टेबल, त्यावर आईने दोऱ्याने विणलेलं झाकण, आणि हात धुतल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही हा बाबांचा नियम. माशाच्या हातांनी तर मुळीच नाही. बाबा कृषी विद्यापीठात कारकून. हर्णेचा किनारा सोडून, टायपिंगच्या परीक्षा देऊन ते दापोलीत स्थिरावले होते, आणि किनाऱ्यावरचं काही घरात येऊ नये याची त्यांना फार काळजी असायची. मासे यायचे, कारण त्यांच्यावाचून बाबांचाच घास उतरत नसे, पण बोलणं येता कामा नये. कुणी 'नाय' म्हटलं की पेपरामागून आवाज यायचा, "नाही." आईसुद्धा हर्णेचीच, पण मला कळायला लागलं तेव्हापासून ती हळू आणि थोडंच बोलायची. तिचा आवाजच तेवढा आहे अशी माझी समजूत होती. मी मात्र बाबांची लेक. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं, निबंधात पहिली, आणि बोलणं असं की शाळेत नवीन आलेल्या बाई विचारायच्या, "तुम्ही मूळचे पुण्याचे का?" त्या प्रश्नाने मला किती आनंद व्हायचा हे आता लिहितानाही लाज वाटते.

मागची खोली आम्ही विद्यापीठाच्या मुलांना भाड्याने द्यायचो. त्यात नागपूरचा ओंकार आला आणि त्याच्याबरोबर एक खेळ आला. खेळ म्हणजे बघायला काहीच नसे. चार-पाच जण बसून एक गोष्ट बोलायचे. त्यातला एक सूत्रधार. तो जंगल, पूल, राक्षस, बाजार सगळं शब्दांनी उभं करायचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. जितका मोठा आकडा तितकं काम फत्ते. सूत्रधार होता पुण्याचा सारंगदादा, आणि तिसरी नाशिकची केतकी. मी आधी चहा द्यायला जायची, मग दाराशी थांबायची, मग एक दिवस ओंकारने सतरंजी सरकवून जागा केली. वर्षअखेर तिघांचं शिक्षण संपलं आणि ते आपापल्या गावी गेले. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ओंकारचा फोन आला की खेळ थांबणार नाही, दर रविवारी दुपारी तीनला सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर यायचं. जाताना एक फासा तो माझ्यासाठी मुद्दाम ठेवून गेला होता. निळा, आतून धुरकट.

समोरासमोर खेळताना ज्या गोष्टी डोळ्यांनी कळतात त्या फक्त आवाजावर कळवायच्या म्हणजे पंचाईत होती. कुणाचं पात्र बोलतंय आणि कुणी स्वतः बोलतंय याचा पहिल्या दोन रविवारी इतका घोळ झाला की केतकीने "भूक लागली" म्हटल्यावर सारंगदादाने तिच्या पात्राला जंगलात फळं दिली. मग नियम ठरले. पात्र बोलेल ते थेट. स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी म्हणायचं, "मी म्हणून सांगते." एखादी गोष्ट बाकीच्यांपासून लपवून फक्त सूत्रधाराला सांगायची तर त्याच्या एकट्याच्या चौकटीत लिहायची. तिला आम्ही 'कान' म्हणायचो. कानातलं कानात राहायचं. आणि फासा आपापल्या घरी टाकायचा, पडेल तो आकडा खरा सांगायचा. दुसऱ्याचा फासा बघायला कुणी नसायचं, म्हणूनच त्यावर सगळा खेळ उभा होता.

माझं पात्र वसुंधरा. राजघराण्यातली, चौदा विद्या शिकलेली, लेखणी कमरेला लावून फिरणारी. तिची भाषणं मी आठवडाभर वहीत लिहून ठेवायची. "हे वनदेवते, आम्ही दूर देशीचे पथिक," असं सुरू व्हायचं ते. शेवटी क्षणभर शांतता पसरायची आणि पुण्याहून सारंगदादाचा आवाज यायचा, "वा, वसुंधरा." बस्स, एवढंच. तो 'वा' मला पुढचा रविवार येईपर्यंत पुरायचा. आमच्या गल्लीत, कॉलेजात, घरात मला असं कुणीच म्हणत नव्हतं. मी बारावीत होते आणि त्या एका अक्षरावर जगत होते.

आणि त्याच वर्षी हर्षदा आमच्याकडे राहायला आली. माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून एका वर्षाने लहान. हर्णेला घरी राहिली तर संध्याकाळच्या लिलावातून तिचा पाय निघायचा नाही आणि अकरावी बोंबलेल, असं मामाचं म्हणणं. होतंही तसंच. लहानपणापासून ती मामीबरोबर किनाऱ्यावर. होड्या लागल्या की टोपल्यांभोवती जो कोलाहल होतो, त्यात हिचा आवाज सगळ्यांच्या वर. एसटीतून उतरली ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन. दारातूनच ओरडली, "आत्ये, बोंबील आनलेत गो, आधी उनात टाक!" पेपरामागून बाबांचा आवाज आला, "आणलेत." हर्षदा म्हणाली, "व्हय काका, मीच आनलेत," आणि आत निघून गेली. पुढे त्यांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. मला तेव्हाच ते खटकलं होतं.

तिच्या येण्याने घराचा आवाजच बदलला. सकाळी पाट्यावर तिरफळं आणि ओलं खोबरं वाटताना आई आणि ती दोघी काय बोलायच्या देव जाणे, पण एक दिवस आतून असं खदखदून हसू आलं की मी वही टाकून बघायला गेले. हसत होती ती आई. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाला, आणि तोंडातून भलीमोठी हेल काढलेली हर्णेची बोली. "मेल्याचा तो धोतर वाऱ्यानं गेला नि ह्यो टोपली लावून उभा!" मला बघून ती थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही गं, मयू. अभ्यास झाला?" सतरा वर्षं मी त्या बाईच्या पोटची पोर होते आणि तिला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. तो आवाज माझ्यासमोर बंद झाला. मी पाटावरचा एक बांगडा उचलून परत ठेवला, उगाच, आणि बाहेर आले. ती माझी पहिली जळजळ. नंतरच्या सगळ्या तिच्याच पोटातून निघाल्या.

रविवारी मी खेळायला बसले की हर्षदा शेजारी पाय वर घेऊन बसायची आणि जवळा भाजून आणलेली वाटी पुढ्यात ठेवून गोष्ट ऐकायची. सगळ्यांचे आवाज तिलाही ऐकू यावेत म्हणून मी हेडफोन न लावता साधा माइक ठेवत असे, ती माझीच चूक. एका रविवारी आम्ही गोष्टीतल्या एका पुलाशी पोचलो होतो. पुलाचा राखणदार प्रत्येकाचा एकेक डोळा मागत होता, त्याशिवाय कुणाला पलीकडे सोडणार नव्हता. मी दोन पानी भाषण तयार ठेवलं होतं. घसा खाकरला, "हे द्वारपाला," एवढं म्हटलं, आणि शेजारून आवाज गेला, "अरे पन त्यांचे डोले शिले हायत, त्याला सांग की!"

सारंगदादा म्हणाला, "हे कोण बोललं?" मी म्हणणार होते की कुणी नाही, बहीण आहे, जाते ती आत. पण राखणदाराच्या जाड आवाजात सारंगदादाने विचारलं, "शिळे? ते कसे?" आणि हर्षदा सुरूच झाली. "ह्या ओंकाराचा डोला बघ. दोन रात्री झोपला नाय, लाल झालाय. डोला लाल झाला म्हंजे माल शिला, आमच्याकडं पोर पन सांगल. नि ह्या मयूतायचा? बुबुलावर साय आल्यासारकी. फुकट दिला तरी मांजर खायाचा नाय. तू येवडा राखनदार, नि शिला माल घेऊन बसतोस? तुझा मालक काय बोलल?" राखणदार म्हणाला, मग काय घेऊ? ती म्हणाली, ह्या ओंकाराचं घोरणं घे, ताजं हाय, रोजचं हाय. तिकडे नागपुरात ओंकार खुर्चीवरून पडायच्या बेतात होता, केतकीला श्वास घेता येत नव्हता, आणि सारंगदादा, ज्याने मला कधी 'वा'च्या पुढे काही दिलं नव्हतं, तो हसत हसत म्हणाला, "मयुरी, ही पुढच्या रविवारी आली नाही तर तूही येऊ नकोस."

गंमत म्हणून म्हणाला होता. मला माहीत होतं. पण मी ते वाक्य आजवर एका शब्दाचाही फरक न करता लक्षात ठेवलंय. पेपरामागे बाबासुद्धा हसत होते, पेपर हलत होता. मीही हसले. दोन पानांची घडी घालून वहीत ठेवली आणि रात्री मोरीवर दात घासताना मला रडू आलं.

असं तिचं पात्र जन्माला आलं. बायजा, नावाडीण. होडी चालवते, कुणाचं देणं-घेणं नाही, राजाशी बोलेल तशीच बेडकाशी बोलेल. एक कॉम्प्युटर, एक माइक, एक फासा आणि आम्ही दोघी. फासा आळीपाळीने टाकायचो. अडचण फक्त कानाची. दोघींच्या चौकटी एकाच पडद्यावर उघडायच्या, मग एकीचं गुपित दुसरीला दिसणार. त्यावर हर्षदानेच तोडगा काढला. एकीने लिहायला घेतलं की दुसरीने तोंड खिडकीकडे करायचं आणि "झालं" म्हणेपर्यंत वळायचं नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं काजूचं झाड आणि त्यांची दोरीवर वाळणारी धुणी. त्या वर्षी मी ती धुणी इतकी पाहिली की शेजारच्या आजोबांच्या बंड्या मला पाठ झाल्या होत्या.

यात एक गोम होती. आम्ही मराठी लिहायचो ते इंग्रजी अक्षरांत, आणि हर्षदाला ती पटकन सापडायची नाहीत. आधी ती शब्द तोंडातल्या तोंडात म्हणायची, मग एका बोटाने अक्षरं शोधायची. "बायजा... होडी... सोडते..." असं पुटपुटणं चालायचं. खिडकीकडे तोंड केलेल्या मला त्यातलं बरंचसं ऐकू यायचं. मी मनात पाढे म्हणायची. खरंच म्हणायची. सतराचा पाढा अजूनही मला कानगोष्टींचाच वाटतो. ऐकलेलं माझ्या पात्राला माहीत नाही, एवढं इमान तेव्हा माझ्यात होतं.

पण बायजा वाढत चालली होती आणि वसुंधरा सुकत चालली होती. रविवारी जोडणी झाली की पहिला प्रश्न, "बायजा आली का?" केतकी तिचं 'गो' उचलून बोलायला लागली. ओंकार कुठलीही वाईट गोष्ट दिसली की म्हणायचा, "शिळा माल." मी भाषण म्हटलं की शांतता अजून पसरायची, पण आता ती निराळी होती, लवकर संपावं म्हणून धरलेली. मी एकदा वसुंधरेकडून मुद्दाम हर्णेचं बोलून पाहिलं. ते इतकं खोटं निघालं की सारंगदादा थेट पुढच्याकडे वळला. जी बोली माझ्या आईच्या तोंडात होती, दोन्ही आज्यांच्या तोंडात होती, ती मला पाहुणीसारखीसुद्धा येत नव्हती. मी बाबांवर चिडले, आईवर चिडले, आणि सगळा राग हर्षदाच्या उष्ट्या वाटीवर काढला. "जवळ्याचा वास येतो कॉम्प्युटरला," असं मी ओरडले तेव्हा ती गुपचूप वाटी घेऊन आत गेली, आणि पुढच्या रविवारपासून भाजलेले शेंगदाणे घेऊन बसायला लागली. माझ्यासाठी निम्मे बाजूला सोलून.

आता तिशी उलटून गेल्यावर हे लिहिताना वाटतं की तिने एकदा तरी माझ्याशी भांडायला हवं होतं. समोरचा माणूस इतका सरळ असला की आपलं वाकडेपण फार उघडं पडतं, आणि त्याचाही राग त्याच्यावरच निघतो.

गोष्ट शेवटाला आली होती. आम्ही चौघांनी एक जादूचा दिवा समुद्रातल्या किल्ल्यावर पोचवायचा होता. सारंगदादा त्या किल्ल्याचं वर्णन करायचा तेव्हा माझ्या आणि हर्षदाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं, हर्णेच्या बंदरातून दिसणारा सुवर्णदुर्ग. वाट अडवून बसला होता खाडीचा राजा. त्याने निरोप पाठवला, दिवा न्यायचा तर तुमच्यातली लिहिणारी मला द्या. म्हणजे वसुंधरा. किती महिन्यांनी गोष्ट माझ्याकडे वळली होती! मी कशी जाईन, जाताना काय बोलेन, केतकी कशी रडेल, सगळं मी मनात रचायला घेतलं. तेवढ्यात हर्षदाने माझ्या दंडाला बोट लावलं. "मयूताय, तोंड फिरव. कानात सांगायचाय."

मी तोंड फिरवलं. बंड्या वाळत होत्या. मागे पुटपुटणं सुरू झालं. मी पाढा सुरू केला नाही. "बायजा... वसुंधरेची शाल पांघरते... त्याला खरं वाटायला दिवा घेते... एकटीच राजाकडं जाते... तिच्या जागी... बाकीच्यांना सांगू नको." सगळं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, मी ऐकलं.

कुणाला वाटेल की मला गहिवरून आलं असेल. आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हिने हेही घेतलं. माझं मरणसुद्धा घेतलं. आता ओंकार रडणार, केतकी रडणार, सारंगदादा आठवडाभर बायजाबद्दल बोलणार, आणि वसुंधरा कोण तर जिला वाचवलं ती. मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की हाताला गंजाचा वास लागला. हर्षदा म्हणाली, "झाला." मी वळले.

खेळ पुढे सरकला आणि योग्य जागा आली तशी मी वसुंधरेच्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, सावध. आपल्या होडीत एक फितूर आहे. दिवा घेऊन शत्रूकडे जाण्याचा बायजाचा बेत आहे." शालीचं सांगितलं नाही. 'तिच्या जागी' हे तर नाहीच. मग सारंगदादाने सावकाश विचारलं, "वसुंधरेला हे कसं कळलं?"

"ती पाळत ठेवून होती. किनाऱ्यावर तिने पाहिलं."

"ठीक आहे. पाहिलं की नाही ते फासा ठरवेल. पंधराच्या वर पडले तर पाहिलं."

मी फासा टाकला. तो टेबलावर घरंगळला आणि की-बोर्डला अडून थांबला. चार. निळ्या धुरकट काचेवर पांढरा चार. मी बघत होते, शेजारी बसून हर्षदा बघत होती. मी माइककडे तोंड केलं आणि म्हणाले, "अठरा."

त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती माझ्याकडे बघत असल्याचं मला गालावर कळत होतं. तिने नुसतं "मी म्हणून सांगते" एवढं म्हटलं असतं तरी सगळं तिथेच उघडं पडलं असतं. ओंकार ओरडला, "बायजे, खरं का हे? दिवा तुझ्याकडे आहे?" हर्षदाने हात पुढे केला. मला वाटलं माइक घेते आहे. तिने फासा उचलला, आपल्या मुठीत धरला, आणि बायजाच्या आवाजात म्हणाली, "हाय तसाच हाय. वसुंधराबाय खोटा कशाला बोलल?"

सगळ्यांनी मिळून दिवा काढून घेतला, बायजाला एका खडकावर उतरवलं आणि होडी पुढे नेली. केतकीचा आवाज फुटला होता. "आम्ही तुला आमची समजत होतो गं," असं ती म्हणाली, पात्राकडून की स्वतःकडून ते कुणी विचारलं नाही. हर्षदा एकच वाक्य बोलली, "ओहोटीच्या आत जावा, मंग करंट उलटा हाय." कानातलं सारंगदादाला ठाऊक होतं आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. शेवटी कोरड्या आवाजात तो म्हणाला, "तुमची होडी दूर गेल्यावर बायजा खडकावरून पाण्यात उतरते. खाडीचा राजा वाट सोडतो. दिवा किल्ल्यावर पोचला. वसुंधरा सुखरूप आहे. खेळ संपला." केतकीने विचारलं, "म्हणजे? राजाने वाट का सोडली?" तो म्हणाला, "कानातलं कानात." हर्षदा तोवर उठली होती. फासा तिने टेबलावर ठेवला, चारचीच बाजू वर करून, आणि आत जाऊन विचारलं, "आत्ये, भाकऱ्या टाकू?"

त्या रात्री सुरमईचं कालवण होतं. तिने नेहमीसारखा माझ्या ताटात मधला तुकडा वाढला. पुढच्या रविवारी ती बसली नाही, परीक्षा जवळ आली म्हणाली. नव्या गोष्टीत मी नवं पात्र घेतलं, भाषणं लिहिली, म्हटली. आता माझ्याशी स्पर्धा करायला कुणी नव्हतं. पण 'वा' परत आला नाही. मी बोलून थांबले की सारंगदादा म्हणायचा, "ठीक. पुढे." चार-सहा रविवारांनी केतकीला नोकरी लागली, ओंकारचं जमेना, आणि खेळ आपोआप मिटला. हर्षदा बारावी करून हर्णेला परत गेली, तशी आई पुन्हा हळू बोलायला लागली. स्वयंपाकघरातला तो आवाज माझ्यामुळे गेला असं मला किती वर्षं वाटत होतं, आणि विचारायचं धाडस कधी झालं नाही.

आता मी खेडला शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वहीत 'नाय' दिसलं तर लाल पेनाने गोल करायला हात जातो आणि थांबतो. हर्षदाचा सुक्या मासळीचा धंदा आहे. मोबाइल टोपलीवर टेकवून ती आपल्या बोलीत माल दाखवते, आणि लांब लांबची गिऱ्हाइकं नुसतं तिचं बोलणं ऐकायला थांबतात. मी ते बघते, आणि खोटं कशाला सांगू, अजून बारीकशी जळते मी.

गेल्या उन्हाळ्यात मी हर्णेला गेले होते. ती ओट्यावर बसून बोंबील निवडत होती, मी शेजारी. समोर समुद्र, त्यात किल्ला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मधेच, काही न ठरवता, माझ्या तोंडून गेलं, "चार पडले होते."

तिने मान वर केली नाही. "म्हायती हाय. मी व्हते ना शेजारी."

"फक्त तेवढंच नाही, हर्षू. तू कानात लिहिलंस ते मी सगळं ऐकलं होतं. शाल. माझ्या जागी. सगळं. मी मुद्दाम अर्धं सांगितलं."

आता तिने हातातला बोंबील खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं ते आश्चर्याने, आणि ते आश्चर्य माझ्या कबुलीचं नव्हतं. "ऐकलास म्हंजे? तुला ऐकू यावा म्हनूनच तर मोठ्यान् बोलले मी."

"मुद्दाम?" मी विचारलं.

"एरवी मी तोंडातल्या तोंडात बोलायची. त्या दिवशी मुद्दाम सगला सपष्ट बोलले. मना वाटला, तुला कलला म्हंजे तू तयार र्‍हाशील. मी शाल घेऊन निगाले की तू मागनं येशील, माझा हात धरशील, तुझा तो मोठा भाषन करशील. नको जाऊ बायजे, असा. मंग आपन दोघी भांडू, कोनी जायाचा त्याच्यावर. मना तेवडा बोलायला येत नाय, पन तुला येतंय. लय दिवस तुला कोन वा म्हनला नव्हता." तिने बोंबील पुन्हा उचलला. "सीन दोघींचा व्हता गो."

वारा सुटला होता आणि दांडीवरचे बोंबील एकमेकांवर आपटून वाजत होते. मला काहीतरी बोलायचं होतं, सतरा वर्षांची असताना बोलायला हवं होतं ते. "मी म्हणून सांगते," एवढंच निघालं. आणि जुनी सवय म्हणा, दुसरं काय, माझं तोंड आपोआप समुद्राकडे वळलं.

"आँ," हर्षदा म्हणाली, आणि माशाच्या हाताने माझी हनुवटी धरून तिने ते आपल्याकडे फिरवलं. "हिकडं बघून सांग."